विचार केल्याच्या खुणा

पूर्वपरीक्षेच्या विज्ञानाच्या पेपरात दुसऱ्या प्रश्नाची घंटा झाली आणि वर्गातल्या अडतीस पोरांनी एकदम माना वर केल्या. तीन सेकंद सगळ्यांनी पंख्याकडे बघितलं. मग अडतीस माना खाली गेल्या आणि अडतीस पेनं कागदावर टेकली.

प्रतिभा बारंगुळे मॅडम पर्यवेक्षणाला उभ्या होत्या. बार्शीच्या त्या शाळेत त्या चोवीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या. हल्ली प्रत्येक प्रश्नाला वेगळी घंटा असे. पहिल्या घंटेला हा प्रकार पाहून त्यांना हसू आलं होतं. दुसऱ्या घंटेला राग आला आणि तिसऱ्या घंटेला किळस आली, जेवताना भाजीत झुरळ निघावं तसं.

मग खाडाखोड सुरू झाली. तिसऱ्या बाकावरच्या पोराने 'विभव' असं लिहिलं, त्यावर एक नीट आडवी रेघ मारली आणि पुढे 'विभवांतर' लिहिलं. त्याच्या मागच्याने तेच केलं. खिडकीजवळच्या मुलीनेही तेच केलं. निदान चुका तरी पोरांच्या स्वतःच्या असायच्या, आता त्यासुद्धा वाटून दिलेल्या होत्या. एकजण तर ओठ हलवून मोजत होता, एक, दोन, तीन.

वर्गात एकोणचाळीस मुलं होती. एकोणचाळिसावी अल्फिया तांबोळी. तिची मान वर गेली नाही. प्रश्न होता विद्युत मोटारीचं कार्य सांगा, आणि अल्फिया पंप-मोटारींचं रिवाइंडिंग करणाऱ्या रफिक तांबोळींची मुलगी. सहावीत असल्यापासून ती बापाच्या दुकानात तांब्याच्या तारेचे वेढे देत आली होती. तिचं पेन एकदा सुरू झालं ते उत्तर संपल्यावरच उचललं गेलं. शेवटी तिने पुस्तकात नसलेलं एक वाक्य लिहिलं होतं. 'ब्रश झिजले की मोटार ठिणग्या मारते आणि करपट वास येतो, तेव्हा आधी वीज बंद करावी.' मॅडमनी ते तिच्या खांद्यावरून वाचलं आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

आठ दिवसांनी निकाल आला. अडतीस मुलांच्या नावापुढे शेरा होता 'आकलन'. अल्फियाच्या नावापुढे होता 'पाठांतर'.

हा शेरा द्यायचं ते पेन. चार वर्षांपूर्वी राज्याच्या मूल्यमापन प्राधिकरणाने ते आणलं. दिसायला साधंच, जरा जाड. त्याच्या टोकात दाब मोजणारा संवेदक होता आणि पोटात हालचाल टिपणारा. हात किती वेगाने चालला, कुठे थांबला, किती वेळ थांबला, कोणत्या शब्दावर दाब वाढला, हे सगळं ते सेकंदाला दोनशे वेळा नोंदवायचं. त्यामागची कल्पना खुळचट नव्हती. माणूस समजून लिहीत असला की अवघड कल्पनेच्या अलीकडे त्याचा हात क्षणभर थबकतो, कारण डोकं शब्द शोधत असतं. घोकलेलं उतरवताना तो तिथे थबकत नाही. पाठ करताना जिथे श्वास घेतला असेल, तिथे, म्हणजे ओळीच्या शेवटी थबकतो. काही मानसशास्त्रज्ञांनी हे हजारो कागदांवर तपासलं आणि ते बऱ्यापैकी खरं निघालं.

मग त्यांनी यंत्राला शिकवलं. विचार म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलं नाही, सांगता येण्यासारखं ते नव्हतंच. त्याला फक्त उत्तरांचे दोन ढीग दिले, हा समजून लिहिलेल्यांचा आणि हा घोकलेल्यांचा. दोन्हींत फरक काय तो तूच शोध म्हणाले. त्याने शोधला. हे ढीग लावायचं काम काही निवडक शिक्षकांनी केलं होतं. बारा वर्षांपूर्वी पुण्याहून दोघंजण चाचणीच्या पेनांच्या पेट्या घेऊन बार्शीलाही आले होते, आणि बारंगुळे मॅडमनी दोन महिने खपून आपल्या वर्गाच्या उत्तरांचे ढीग लावून दिले होते. घोकंपट्टी मेली पाहिजे, असं त्या तेव्हा भर सभेत म्हणाल्या होत्या. टाळ्याही मिळाल्या होत्या.

आता शंभरातले साठ गुण उत्तरातल्या मुद्द्यांना होते. ते दुसरं यंत्र मोजायचं. उरलेले चाळीस आकलनाला. आणि दहावीला 'पाठांतर' शेरा बसला की विज्ञान निकेतनाचं दार बंद. निकेतन म्हणजे सरकारी, राहून शिकायचं, प्रयोगशाळा सकाळी सहाला उघडणारी. अल्फियाच्या दप्तराच्या आतल्या बाजूला निकेतनाच्या इमारतीचं चित्र चिकटवलेलं होतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी रफिकभाई मुलीला घेऊन शाळेत आले. हाताला वॉर्निशचा वास, सदऱ्यावर तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे.

"मॅडम, सगळे म्हणायलेत की दळवे सरांकडं घाला पोरीला," ते म्हणाले. "दोन महिन्यांत शेरा बदलून देतेत म्हणे."

दळवे सरांची 'विचारवंत अकॅडमी' एस.टी. स्टँडच्या मागे होती. गावातली निम्मी दहावी तिथे जायची आणि उरलेली तिथल्या नोट्स मिळवायची. तिथल्या छापील नोट्स मॅडमनी पाहिल्या होत्या. आदर्श उत्तर, आणि शब्दांच्या मध्ये ठिपके. एक ठिपका म्हणजे छोटा थांबा, तीन ठिपके म्हणजे मोठा. खोडायचा शब्द लाल अक्षरात. पोरं उत्तर पाठ करत आणि त्याबरोबर ठिपकेही पाठ करत. घोकंपट्टी मारायला आणलेल्या पेनासाठी आता दुप्पट घोकंपट्टी चालली होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"अल्फिया, तुला काय वाटतं?" मॅडमनी विचारलं.

"मला येतंय की मॅडम. मग मी थांबू कशाला?" ती म्हणाली. "अब्बा वायंडिंग करताना थांबले तर वेढा चुकतोय."

"तेवढं मात्र खरंय," रफिकभाई हसले.

"तर मग कुठे जायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "शाळेतलं यंत्र जुनं आहे. बोर्डाचं नवं असतं, त्याला कळेल. तू जशी लिहितेस तशीच लिही. ही असली नाटकं माझ्या विद्यार्थिनीने करायची नाहीत. काही झालं तर मी आहे."

'मी आहे' हे त्या चोवीस वर्षांत कित्येकदा म्हणाल्या होत्या. ते दरवेळी खपून गेलं होतं.

जूनमध्ये बोर्डाचा निकाल लागला. अल्फियाला विज्ञानात मुद्द्यांचे साठपैकी सत्तावन्न आणि आकलनाचे चाळीसपैकी चार. शेरा, पाठांतर. विभवावर रेघ मारणाऱ्या त्या तिसऱ्या बाकावरच्या पोराला आकलनाचे अडतीस होते. संध्याकाळी त्याच्या वडिलांनी चौकात त्याचा फलक लावला. फलकावर तो हनुवटीला हात लावून विचार करत होता.

मॅडम रफिकभाईंच्या दुकानात गेल्या. अल्फिया मोटारीच्या कवचात कागदाच्या पट्ट्या बसवत होती. तिने मान वर केली नाही. रफिकभाईंनी स्टूल पुसून दिलं आणि चहा सांगितला. ते ओरडले असते तर मॅडमना सोपं गेलं असतं.

"तुम्ही सांगितलं म्हणून न्हाई घातलं क्लासला," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमचं चुकलं असं मी म्हणत न्हाई. पण आता काय करायचं ते तुम्हीच सांगा."

"अर्ज करता येतो," मॅडम म्हणाल्या. "विषयशिक्षकाने साक्ष दिली की शेरा काढतात आणि आकलनाचे गुण पुन्हा देतात. मी देते साक्ष. माझ्याइतकं तिला कोण ओळखतं?"

त्या खरोखरच निश्चिंत होत्या. दोन दिवस त्या मनातल्या मनात अर्ज जुळवत राहिल्या. भाजी चिरताना, रस्त्याने चालताना. कोणतं वाक्य आधी, कोणतं नंतर. सोमवारी शाळेच्या कार्यालयात बसून त्यांनी तो एका दमात लिहून काढला. अर्ज त्या पेनानेच लिहावा लागायचा. क्लासवाले एकाच मजकुराचे शेकडो अर्ज पाठवू लागल्यापासून प्राधिकरणाने तसा नियम केला होता. साक्ष देणाऱ्याला स्वतःला काही म्हणायचं आहे की कुणी सांगितलेलं तो उतरवतो आहे, हेही पेनच ठरवायचं. तीही गोष्ट तशी वाजवीच होती. मॅडमनी सही केली आणि कागद यंत्राच्या खाचेत सरकवला. अर्ध्या मिनिटात पडद्यावर अक्षरं आली.

'साक्षीदाराचे म्हणणे पाठांतर स्वरूपाचे आहे. अर्ज अग्राह्य. एक संधी शिल्लक. अंतिम मुदत शुक्रवार, सायंकाळी पाच.'

मॅडमनी ते दोनदा वाचलं. शाळेच्या लिपिकाने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि तो कपाटातल्या फायली लावू लागला.

मंगळवारी त्यांनी प्राधिकरणाच्या मदत-क्रमांकावर फोन केला. एक सुरेल आवाज म्हणाला, "आपली भावना आम्हाला समजते." पण तो आवाजही यंत्राचाच होता. बुधवारी त्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन तीन तास बाकावर बसल्या. साहेबांनी नमस्कार केला, चहा पाजला आणि सांगितलं, "मॅडम, पेनात माणसाचा हस्तक्षेप नाही हाच तर त्याचा फायदा आहे." गुरुवारी सकाळी त्या एस.टी. स्टँडच्या मागे गेल्या.

अकॅडमीच्या वर्गात साठ पोरं बसली होती. पुढे उभा असलेला मुलगा दांडीने टेबलावर ठोके देत होता आणि पोरं एका सुरात म्हणत होती, "प्रकाशाचे अपवर्तन म्हणजे, थांब, दोन, तीन, प्रकाश एका माध्यमातून, थांब, दुसऱ्या माध्यमात..." शेणाच्या पोत्यावर अत्तर मारल्यासारखा तो विचाराचा पाढा मॅडमना दारात उभं राहून ऐकावा लागला. त्यांना किळस आली. आणि तरी त्या आत गेल्या.

दळवे सर सत्तावीस वर्षांचा होता. मॅडमना पाहताच तो खुर्चीवरून उठला आणि पाया पडला. तो त्यांचाच विद्यार्थी, विशाल दळवे.

"बसा की मॅडम. तुम्ही याल असं वाटलंच होतं. तांबोळीच्या पोरीचं कळालं मला."

"मला अर्ज लिहायचाय," मॅडम म्हणाल्या. "कुठे थांबायचं ते सांग."

तो थट्टा करेल अशी त्यांची तयारी होती. त्याने थट्टा केली नाही.

"मी तुम्हाला काय शिकवू? ही तर तुमचीच पद्धत आहे."

"म्हणजे?"

"मी सरावाची पेनं आणून वर्षभर घासत बसलो होतो. असं थांब, तसं थांब, काय केलं की गुण पडतेत ते बघत. सगळ्यात जास्त कशाला पडले म्हाईत आहे का? प्रश्न वाचला की पेन उचलायचं, वर बघायचं, मनात तीन मोजायचं, मग लिहायचं. हे कोण म्हणायचं वर्गात? 'कागदावर तुटून पडू नका रे, आधी थांबा, वर बघा, तीन मोजा.' छडी आपटून म्हणायचा तुम्ही."

ते मॅडम अजूनही म्हणत. पोरं प्रश्न पुरता न वाचताच लिहीत सुटायची म्हणून त्यांनी ती सवय लावली होती.

"पुण्याची माणसं आली तेव्हा आमचाच वर्ग होता," विशाल म्हणाला. "आम्ही सगळे तुमच्या धाकानं थांबायचो आणि तुम्ही आम्हाला 'समजून' लिहिणाऱ्यांच्या ढिगात घालायचा. बाकी शाळांनी पाचपन्नास कागद दिले. तुम्ही दोन हजार दिले, एकदम नीट लावून. यंत्र काय करंल? त्याला वाटलं, पेन उचलून तीन मोजणं म्हणजेच विचार."

"मी उत्तरं वाचून ढीग लावले होते."

"किरण आठवतो का, हापसे दुरुस्त करणाऱ्याचा? भराभरा लिहायचा. मध्ये मानच वर करायचा न्हाई. तुम्ही त्याला घोकणाऱ्यांच्यात टाकलं. म्हणालात, हा पोपट आहे." विशालने क्षणभर टेबलावरचा खडू फिरवला. "त्याला येत होतं मॅडम. मला येत नव्हतं. मी नुसता थांबायचो."

बाहेर साठ पोरांचा सूर चालूच होता. मॅडमना किरण आठवला, त्याची तेलकट बोटं आठवली. दहावीनंतर तो कुठे गेला हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. इतका वेळ त्यांना पेनाची किळस होती, क्लासची होती, चौकातल्या फलकाची होती. आता ती कुठे ठेवायची ते त्यांना कळेना, कारण ती फिरून त्यांच्यापाशीच आली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"एवढं कळलं होतं तर सांगितलं का नाहीस कुणाला?" त्यांनी विचारलं.

"कुणाला सांगू? अर्ज पेनानंच लिहावा लागतोय," विशाल म्हणाला. त्याने त्यांच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि ठिपके कुठे द्यायचे ते दाखवू लागला. मोठ्या मनाने, गुरूची सेवा करतो आहे अशा भावनेने. तेच सगळ्यात ओंगळ होतं.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता मॅडम शाळेच्या कार्यालयात बसल्या. दुसऱ्या अर्जाला विद्यार्थ्याची सहीही लागायची, म्हणून अल्फिया शेजारी होती. रफिकभाई दाराशी उभे होते, हात धुऊन, इस्त्रीचा सदरा घालून.

मॅडमनी अल्फियाला काही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? जानेवारीत ज्या तोंडाने 'नाटकं करायची नाहीत' म्हटलं, तेच तोंड होतं. त्यांनी पेन उचललं, छताकडे बघितलं, मनात तीन मोजले आणि लिहायला सुरुवात केली. 'मी या विद्यार्थिनीस'... थांबा. 'पाच वर्षे ओळखते.' चौथ्या ओळीत त्यांना 'तिचे उत्तर प्रामाणिक आहे' असं लिहायचं होतं. ठरल्याप्रमाणे त्यांनी आधी 'चांगले' लिहिलं, एक नीट आडवी रेघ मारली, दोन मोजले आणि पुढे लिहिलं 'प्रामाणिक'.

अल्फिया कागदाकडे बघत होती. मुलीचं लक्ष त्यांच्या हातावर आहे हे मॅडमना कळत होतं आणि हात तर थांबवता येत नव्हता. तो ठरलेल्या ठिकाणीच थांबायला हवा होता.

"मॅडम," अल्फिया हळूच म्हणाली, "तुम्हाला तो शब्द आठवत नव्हता?"

"आठवत होता."

"मग?"

मॅडमनी शेवटच्या तीन ओळी लिहिल्या, ठिपक्यांसकट. सही केली. कपाळावरचा घाम पुसला आणि पेन तिच्याकडे दिलं.

"इथे तुझं पूर्ण नाव लिही. बस्स, एवढंच."

अल्फियाने पेन हातात धरलं. दुकानात ती तार धरायची तशी, अंगठा आणि दोन बोटांत. पाच वर्षांत मॅडमनी तिला लिहिताना अडखळलेलं पाहिलं नव्हतं. तिने 'अल्फिया' असं लिहिलं.

मग तिने पेन उचललं. मान वर केली आणि पंख्याकडे बघितलं. चेहरा अगदी शांत होता. मॅडमच्या मनात आपोआप आकडे सुरू झाले, एक, दोन. दाराशी तिचा बाप उभा होता, पोरीला काय आठवेना म्हणून मान पुढे काढून. तीन. तिने मान खाली घातली आणि लिहिलं, 'रफिक तांबोळी'.

कागद खाचेत गेला. अर्ध्या मिनिटात पडद्यावर अक्षरं उमटली.

'साक्ष मनापासून दिलेली आहे. विद्यार्थिनीची सही विचारपूर्वक केलेली आहे. अर्ज ग्राह्य.'

"झालं का हो मॅडम?" रफिकभाईंनी दारातून विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "निघाला का शेरा?"

"निघाला," मॅडम म्हणाल्या.

अल्फियाने पेनाला टोपण लावलं आणि ते दोन्ही हातांनी, नीट, त्यांच्यासमोर ठेवलं. "थँक यू मॅडम," ती म्हणाली. तेही तिने जरा थांबून म्हटलं.